बत्तीस ग्रॅम

१

बरणी जागेवर होती. झाकण घट्ट होतं, चिठ्ठीवर सिद्धीचं बारीक अक्षर होतं, आत पांढरी पावडरही होती. फक्त त्या पावडरीला आता काही येत नव्हतं.

"सकाळपासून तीनदा लावून पाहिली, बाई," सिद्धी म्हणाली. "दोन्ही वाफा एकदमच बाहेर पडतात. नळीत वाळू भरली असती तरी हेच झालं असतं."

इंद्रायणीबाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि त्या स्टुलावर बसल्या. त्यांची चिडचिड आल्यापासूनच सुरू होती. मंचरहून कळंबला यायला सणाच्या गर्दीत तासभर गेला. रस्त्याच्या कडेला रंगाचं दुकान, मागे घर, घरामागे गोदाम आणि गोदामामागे हे पत्र्याचं शेड. तिथवर पोचेपर्यंत सात माणसांनी हात जोडून त्यांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हटलं होतं. काल जैनांची संवत्सरी झाली. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं त्या दिवशी प्रत्येकानं प्रत्येकाला म्हणायचं, आणि राहून गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी. सात जणांनी क्षमा मागितली. सातांपैकी एकानंही कशाबद्दल ते सांगितलं नाही. आणि 'शेडमध्ये काय झालं' असं विचारलं की आठवा माणूस पारण्याचं ताट पुढे करत होता.

एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सिद्धी त्यांची विद्यार्थिनी. पुण्याहून डॉक्टरेट घेऊन आली आणि नोकरी न धरता वडिलांच्या, धरमचंदशेठच्या, या शेडमध्ये तीन वर्षं एकच पावडर करत बसली.

पावडर म्हणजे सिलिका. वाळूतच असते ती. पण हिच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी भोकं होती, आणि त्या भोकांच्या आतल्या भिंतींना सिद्धीनं कार्बनची कडी, म्हणजे वलयं, जोडली होती. अर्धी दगडाची, अर्धी सेंद्रिय अशी ही भिंत. छपाईच्या कारखान्यात शाई वाळताना टोल्युइन आणि हेक्झेन यांच्या वाफा एकत्र उडतात आणि धुराड्यातून वाया जातात. या पावडरीतून ते मिश्रण सोडलं की टोल्युइन भिंतीच्या कड्यांशी रेंगाळतं आणि हेक्झेन पुढे सटकतं. दोन्ही वेगळी झाली की पुन्हा वापरता येतात. चाकणच्या एका छपाईवाल्याची माणसं ते बघायला शुक्रवारी सकाळी येणार होती. आज गुरुवार होता.

"वजन केलंस?"

"दोनशे ग्रॅम होती. आता एकशे अडुसष्ट पूर्णांक तीन. बत्तीस ग्रॅम गेली असं धरा."

"गेली म्हणजे?"

उत्तर दारातून आलं. "म्हणजे चोरली." सिद्धीचा मोठा भाऊ पारस हातात टाइप केलेला कागद घेऊन उभा होता. त्यानं आधी हात जोडले. "बाई, मिच्छामि दुक्कडम्. शेडवर कामाला आहे त्या संपतनं बत्तीस ग्रॅम कुणाला तरी दिली आणि उरलेल्यात काहीतरी कालवून ठेवलं. किल्ली त्याच्याकडे असते. पाच वाजता मी चौकीत तक्रार देणार."

"अरे, त्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे," सिद्धी म्हणाली. "आज संध्याकाळी विसर्जन. पोलीस आज दारात जातील?"

"मग चोरी करताना तिथी बघायची होती त्यानं."

इंद्रायणीबाईंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

२

संपत शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. पंचेचाळिशीचा, रापलेला. जवळच त्याची दीड एकर जमीन होती आणि तीन वर्षांपासून तो दिवसाचे सहा तास सिद्धीकडे काम करत होता.

"संपतराव, मला फक्त काय घडलं ते हवंय."

"घडायचं काय, बाई? चोर म्हणलेत मला. आता चोराला काय इचारता?"

"मी म्हटलं नाही."

"तुमी न्हाई म्हणलात. पण इचारायला माझ्याकडंच पहिलं आलात."

बाई कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

घटनाक्रम सिद्धीकडून आधीच कळला होता. पावडरीच्या भोकांत आधीच्या चाचणीतल्या वाफा थोड्या अडकून राहतात, म्हणून दाखवण्याआधी ती एकशे दहा अंशांवर सहा तास वाळवायची. वाळवायची छोटी पेटी महिन्यापूर्वी बंद पडली, म्हणून ते काम आता मोठ्या विजेच्या भट्टीत होई. भट्टी थ्री फेजवर. शेड शेतीच्या लाइनवर, त्यामुळे थ्री फेज या आठवड्यात सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी पावणेसहा. मंगळवारी दुपारी सिद्धीनं पावडर भट्टीत ठेवली, पण सहा तास व्हायच्या आत लाईट गेली. बुधवारी पुन्हा सहा तास द्यायचे होते; आणि बुधवारी संवत्सरी. त्या दिवशी घरातलं कुणी आग पेटवणार नाही, यंत्राचं बटण दाबणार नाही, असा शब्द तिनं वडिलांना दिला होता. म्हणून तिनं संपतला सांगितलं.

"ताई म्हणाल्या, उद्या भट्टी तेवढी सुरू करा," संपत म्हणाला. "मी म्हणलं, व्हईल, काळजी करू नका. आन् झालं. भट्टी चालली दिवसभर. आज सकाळी सातला शेड उघडलं, आठला ताईंनी स्वतःच्या हातानं पावडर भरली बरणीत. आता त्यात माझी चोरी कुठं बसती सांगा."

"काल भट्टीला कुणी हात लावला?"

"कुणी न्हाई."

"म्हणजे तुमच्याशिवाय कुणी नाही."

"कुणी न्हाई म्हणलं ना, बाई." तो उठला. "बत्तीस गिराम. माझ्या घरी तंबाखूची पुडी बी त्याच्यापेक्षा मोठी असती. काय करू मी ती पावडर घिऊन? भाकरीला लावू?"

तो टाकीपलीकडे निघून गेला. त्याच्या बोलण्यात खोटं कुठे आहे हे बाईंना सापडत नव्हतं, आणि खोटं आहे असं मात्र वाटत होतं.

शेडच्या दारातच पारसनं त्यांना गाठलं. त्याच्या मोबाइलवर एक फोटो होता: ओझरच्या विघ्नहराच्या देवळाबाहेरची गर्दी, आणि गर्दीत नव्या टोपीतला संपत, शेजारी त्याची मुलगी आरती.

"आज सकाळी उतरवून घेतला. आरतीनंच स्टेटसला टाकला होता. काल सकाळी दहा वाजून पाच मिनिटं," पारस म्हणाला. "पावणेदहाला इथं बटण दाबून वीस मिनिटांत ओझर गाठायला माणूस उडत गेला का, बाई?"

३

"हो, गेलो व्हतो ओझरला," संपत म्हणाला. "भादव्यातली चतुर्थी मी चुकवत न्हाई. घरचा गणपती पहाटंच बसवला आन् निघालो."

"मग सिद्धीला खोटं का सांगितलं?"

"खोटं काय त्यात? भट्टी चालली का न्हाई? चालली. मी व्हतो, नव्हतो, तिला काय फरक पडतोय?"

"मग सुरू कुणी केली?"

"कुणीच न्हाई."

बाईंनी डोळे मिटले. वर्गात अशी उत्तरं देणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण त्यांना खडू तरी फेकून मारता येत असे.

त्या शेडमध्ये परतल्या. सिद्धी यंत्राच्या पडद्याकडे बघत बसली होती. जिथे दोन शिखरं दिसायला हवीत तिथे एकच लठ्ठ शिखर होतं.

"शुक्रवार गेला, बाई," ती म्हणाली. "ते मला कळलंय. नवीन पावडर करायला तीन आठवडे लागतात. पण संपतभाऊंनी हे केलं असेल तर माझं माणसांचंच सगळं चुकलं. आणि केलं नसेल तर पाच वाजता आम्ही काय करतोय?"

"रडायचं नंतर. पाणी आण."

बाईंच्या पर्समध्ये एक इंचभर उंचीची बाटली होती. गुरुपौर्णिमेला सिद्धीनं पेढ्यांबरोबर दोन ग्रॅम पावडर दिली होती. पेढे संपले, बाटली पर्समध्येच राहिली. त्यांनी दोन काचपट्ट्या घेतल्या. एकीवर बाटलीतली पावडर, दुसरीवर बरणीतली. प्रत्येकीवर पाण्याचा एकेक थेंब सोडला.

बाटलीतल्या पावडरीवर थेंब मोत्यासारखा उभा राहिला. पट्टी कलती केली तर घरंगळला. बरणीतल्या पावडरीनं थेंब क्षणात पिऊन टाकला.

"कडी नाहीत," सिद्धी हळूच म्हणाली. "भिंती उघड्या आहेत. ही साधी सिलिका आहे."

"हो. आणि बघ, हिचा रंग." बाटलीतली पावडर किंचित सायीसारखी होती. बरणीतली खडूसारखी पांढरी.

"म्हणजे बदलली. माझी घेतली आणि साधी भरली."

"तसं दिसतं खरं." बाईंनी मान वर केली. उघड्या दारातून गोदाम दिसत होतं. ओल शोषायला कपाटांत ठेवायच्या पुड्यांसाठी पारस साधी सिलिका पोत्यांनी आणत असे. शेडची दुसरी किल्ली पारसकडे होती. आणि हे शेड रिकामं झालं की त्याचं रंगाचं गोदाम दुप्पट होणार होतं, हे दुकानातल्या नोकरानंही त्यांना न विचारता सांगितलं होतं.

सिद्धीनं त्यांची नजर कुठे गेली ते पाहिलं. "नाही, बाई," ती म्हणाली. पण म्हणायला तिला वेळ लागला.

४

घरात पारण्याची पंगत संपत आली होती. धरमचंदशेठ आठ दिवसांच्या उपवासानंतर मुगाचं पाणी घेऊन आडवे झाले होते. त्यांनी उशीवरूनच हात जोडले. बाईंनीही जोडले, आता त्या आकडा मोजत नव्हत्या.

"पारसचं मन शेडवर आहे," शेठ क्षीण आवाजात म्हणाले. "पण बहिणीचं काम तो मोडणार नाही. रागावतो, मोडत नाही. आणि संपत... त्याच्या वडिलांपासून येणं-जाणं आहे. कुणीतरी काहीतरी सरळ सांगत नाही एवढं मला दिसतंय."

"मलाही तेवढंच दिसतंय, काका. गेले दोन तास."

सोप्यात सिद्धीचा चुलतभाऊ संयम चहा पीत होता. रांजणगावच्या एका सॉल्व्हंट कारखान्यात नोकरीला. संपतनं पावडर याच्याच हाती दिली असणार, असा पारसचा संशय.

"मला कळलं माझ्याबद्दल काय बोलतात ते," संयम हसून म्हणाला. "बाई, मी घ्यायची ठरवली तर बरणीच उचलीन. बत्तीस ग्रॅमनं माझी नळीसुद्धा भरत नाही. आणि घ्यायला दोन ग्रॅमही पुरतात. मग बत्तीस का? ना धड नमुना, ना धड माल."

"बदलून साधी भरली असेल तर?"

"तर दोनशे भरली असती ना. चिठ्ठीवर दोनशे लिहिलंय, समोर वजनकाटा आहे. एवढी बदलाबदली करणारा बत्तीस ग्रॅमची कंजुषी करील? साधी सिलिका मातीच्या भावानं मिळते."

बाई कप अर्धवट ठेवून उठल्या. पोरगं आगाऊ होतं, पण बरोबर होतं. चोरी धरली तर उरलेली पावडर का बिघडली ते सुटत नव्हतं. बदली धरली तर वजन सुटत नव्हतं. दोन्ही वेळा तेच बत्तीस ग्रॅम आडवे येत होते.

शेडमध्ये येऊन त्यांनी सिद्धीची वही मागितली आणि पान पान उलटत बसल्या. सव्वातीन झाले होते. मार्च महिन्याच्या एका पानावर त्या थांबल्या. सिद्धीनं तेव्हा पावडरीत कड्यांचा वाटा किती ते काढलं होतं. एक ग्रॅम पावडर, पाचशे पन्नास अंश, सहा तास. कडी जळून गेली. उरली शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी ग्रॅम.

त्यांनी मनात गुणाकार केला. दोनशे गुणिले शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी.

एकशे अडुसष्ट.

"सिद्धी," त्या म्हणाल्या, "कुणी काही नेलेलं नाही. ही तुझीच पावडर आहे. दोनशेच्या दोनशे. बत्तीस ग्रॅम धुराड्यातून गेलेत."

५

"पण भट्टी एकशे दहावर होती."

"असं तू म्हणतेस. ती बशी कुठाय, जिच्यात वाळवली?"

मांडणीवर चिनी मातीच्या बशा ओळीनं होत्या. प्रत्येकीच्या कडेवर निळ्या मार्करनं तारीख आणि नाव. सिद्धी त्याशिवाय बशी वापरत नसे. शेवटची बशी मात्र कोरी होती.

"हीच. मी हिच्यावर लिहिलं होतं. मंगळवारी."

"कोणी पुसलं नसणार. कापडानं घासलं तर निळसर डाग राहतो. शाईसकट जळलंय. एकशे दहावर शाई जळत नाही."

सिद्धी भट्टीपाशी गेली. "तीन नंबर म्हणजे वाळवण, एकशे दहा. एक नंबर म्हणजे भाजणी, पाचशे पन्नास; साध्या सिलिकेसाठी. लाईट गेली की हिचा पडदा सगळं विसरतो आणि परत एक नंबरवर येतो. म्हणून मी नेहमी आधी तीन दाबते, मग स्टार्टरचं हिरवं बटण. संपतभाऊंनी हे वीसदा तरी केलंय. ते विसरणार नाहीत."

"विसरले नाहीत. ते इथं नव्हतेच."

"मग लाईट आल्यावर भट्टी सुरूच होणार नाही, बाई. स्टार्टर पडलेला असतो. हिरवं बटण माणसानंच दाबावं लागतं."

परत भिंत. ओझरला असलेल्या माणसानं कळंबमधलं बटण दाबलं नव्हतं. मग पारस? त्यानं दाबलं असतं तर संवत्सरीच्या दिवशी, आठ दिवस उपाशी असलेल्या बापाच्या घरात. बाईंना ते पटेना. तो कितीही आततायी असला तरी काल त्यानं दिवाबत्तीचंही बटण दाबलं नव्हतं, असं धरमचंदशेठ सांगत होते.

स्टार्टरच्या पेटीखाली फरशीवर एक स्क्रू पडला होता. बाईंनी तो उचलला. पेटीच्या झाकणाला चारपैकी तीनच स्क्रू होते. झाकण बोटानं हललं. आत दोन तारांची टोकं नव्यानं सोलल्यासारखी चकाकत होती.

त्या संपतच्या घराकडे चालू लागल्या. शेताच्या बांधावरून पाच मिनिटं. पाय चिखलात रुतत होते, आणि आपण साठीत हे का करतोय असं त्यांना प्रत्येक पावलाला वाटत होतं.

घरात गणपतीपुढं समई होती, आणि संपतची आई ठमाबाई अंगणात रोपांचे ट्रे घेऊन बसली होती. घराशेजारी प्लॅस्टिकच्या छपराखाली मिरचीची रोपवाटिका होती. बाहेर पावसानं चिखल, आणि आत रोपं माना टाकून पडलेली.

"बघा की," ठमाबाई म्हणाली. "बाहेर धो धो पाऊस न् माझी पोरं तहानलेली. छपराखाली पाऊस थोडाच येतो? काल सारा दिवस पाणी न्हाई मिळालं."

"काल लाईट नव्हती?"

"व्हती की. गिरणी चालू व्हती सगळ्या गावची. पण आमची मोटर काय उठली न्हाई. एरवी लाईट आली की आपली आपण सुरू व्हती, मला बघायला बी लागत न्हाई. काल मेली मुकीच. संप्या ओझरला, आरती बी त्याच्यासंगं. आन् ते बटण दाबाया मी हिरीवर उतरू व्हय ह्या वयात?"

"आज?"

"आज झाली की सुरू. पण एका दिसात रोपं बसली ना."

बाईंनी विहिरीकडे पाहिलं. मोटरीच्या स्टार्टरशेजारी हाताच्या पंजाएवढी एक करडी पेटी होती, लाल दिवा लागलेली. मंचरपासून जुन्नरपर्यंत प्रत्येक विहिरीवर असते तशी. त्यांनी ती हजारदा पाहिली होती, आणि कधीच पाहिली नव्हती.

"आजी," त्या म्हणाल्या, "संपतरावांना हाक मारा. आणि त्यांना म्हणावं ती पेटी काढून घेऊन या. पाचाच्या आत."

६

पाचला दहा कमी असताना शेडमध्ये सगळे जमले. पारसच्या खिशात तक्रारीचा कागद होता. धरमचंदशेठ संयमच्या खांद्याला धरून आले आणि खुर्चीत बसले. संपत हातात करडी पेटी घेऊन उभा होता.

"हा ऑटो," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "संपतराव, हा काय करतो ते सांगा."

"ह्यात सांगायचं काय? लाईट आली की मोटर आपोआप चालू करतो. रात्रीअपरात्री थ्री फेज येती, कोण उठून बटण दाबणार? सगळ्यांच्याच हिरीवर असतो."

"आणि मंगळवारी संध्याकाळी तुम्ही हा विहिरीवरून काढून भट्टीला लावलात. आज सकाळी सातला काढून परत नेलात."

"मग? ताईंना सांगितलं व्हतं भट्टी सुरू व्हईल. झाली. मला ओझरला बी जायचं व्हतं. दोन्ही कामं झाली."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुणी? तुमी इचारलं हात कुणी लावला. कुणी न्हाई लावला. सुरू कुणी केली. कुणीच न्हाई." त्यानं पेटी दुसऱ्या हातात घेतली. "आन् ओझरला गेलो हे ताईंना सांगायची लाज वाटली. थांबतो म्हणल्यासारखंच झालं व्हतं ना ते."

बाईंना आपल्याच प्रश्नांचा राग आला. दुपारभर हा माणूस त्यांना अचूक उत्तरं देत होता.

"लावा," त्या म्हणाल्या.

संपतनं दोन मिनिटांत पेटी जोडली. त्याच्या हाताला ते काम पाठ होतं. सिद्धीनं तीन नंबर दाबला. पडद्यावर ११० उमटलं. मग बाईंनी मेन स्विच खाली ओढला, जशी रोज पावणेसहाला लाईट जाते तसा. पडदा काळा झाला. बाईंनी दहा अंक मोजले आणि स्विच वर केला.

कुणीही भट्टीजवळ नव्हतं. पेटीचा लाल दिवा लागला. स्टार्टर खटकन ओढला गेला. भट्टी गुरगुरू लागली आणि पडद्यावर आकडा आला: ५५०.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "मोटरीला लाईट गेल्यावर काही लक्षात ठेवावं लागत नाही. पाणी ते पाणीच. भट्टीला लक्षात ठेवावं लागतं, आणि ही ठेवत नाही. काल पावणेदहाला लाईट आली तेव्हा इथं एकही माणूस नव्हता. सहा तास पावडर भाजली, कडी जळाली, बत्तीस ग्रॅम हवेत गेले. संध्याकाळी लाईट गेली, रात्रभरात भट्टी थंड झाली. सकाळी आठला थ्री फेज नव्हती, म्हणून पडदा काळाच होता आणि सिद्धीला काही दिसलं नाही."

पडद्यावरचा दुसरा आकडा, आतल्या तापमानाचा, चढत होता. साठ. नव्वद. एकशे दहा आला आणि मागे पडला.

"म्हणजे मी..." संपत म्हणाला. त्याचं तोंड उतरलं. "ताई, म्हणजे माझ्यामुळंच."

"भट्टी विसरते हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही, भाऊ," सिद्धी म्हणाली. "तीन दाबा, एवढंच सांगायचे. का दाबायचं ते नाही."

"आणि तो दिवस पाळायचा हट्ट माझा," धरमचंदशेठ म्हणाले.

इंद्रायणीबाईंना हे वाटून घेणं फारसं रुचलं नाही. तिघांनी मिळून अपराध उचलला तरी शुक्रवार परत येणार नव्हता. तीन वर्षांचं काम एका करड्या पेटीनं जाळलं होतं, आणि चिडायला समोर चोर नव्हता. त्यांनी मेन स्विच खाली केला.

"भिंती शाबूत आहेत," त्या सिद्धीला म्हणाल्या. "भोकंही. नुसती कडी गेलीत. उघड्या भिंतींना ती परत जोडता येतात. किती दिवस?"

"आठ. जमलं तर." सिद्धीनं फोन हातात घेतला. "चाकणला सांगते. खरं ते सांगते. बघू थांबतात का."

ती बाहेर गेली. पारस अजून तिथंच होता. त्यानं खिशातला कागद काढला, दोनदा फाडला आणि तुकड्यांचं काय करावं ते न कळून परत खिशातच घातला. मग तो संपतसमोर गेला आणि हात जोडले.

"संपतभाऊ, मिच्छामि दुक्कडम्."

संपतनं ऑटोचे स्क्रू सोडवणं थांबवलं नाही. "ते तुमी मला संवत्सरीच्या आदल्या सांजंलाच म्हणला व्हता, शेठ. फाटकापाशी. मंगळवारी."

"तेव्हा सवयीनं म्हटलं."

"मग आज कशाबद्दल, ते बी सांगा."

पारसनं वडिलांकडे पाहिलं. धरमचंदशेठ जमिनीकडे बघत होते. इंद्रायणीबाई पर्स उचलून निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या. आल्यापासून त्यांना ऐकायची होती ती एवढी एकच गोष्ट होती.

"तुम्हाला चोर म्हटलं," पारस म्हणाला. "दुकानातल्या नोकरांसमोर म्हटलं. विचारायच्या आधी कागद टाइप केला. आणि गणपती घरात असताना पोलीस पाठवणार होतो." जोडलेले हात त्यानं खाली घेतले नाहीत. "आणि तुम्ही गेलात तर शेड मोकळं होईल, हेही मनात आलं होतं."

संपतनं शेवटची तार सोडवली आणि पेटी काखेत धरली. पारसच्या जोडलेल्या हातांकडे त्यानं पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "पावणेसहाला लाईट जाईल, रोपांना पाणी द्यायचंय. सातला विसर्जन हाय. यायचं असंल तर या, शेठ. नारळ फोडायला माणूस लागतो."

तो बांधावरून भराभर चालत गेला. थोड्या वेळानं विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.